शंभर दिवस सील आणि मासे खाणारा डॉक्टर: ह्यू सिंक्लेअर आणि तुमच्या ओमेगा-3 कॅप्सूलमधले उरलेले 700 मिलिग्रॅम

हातकणंगले तालुक्यातून घाट उतरल्याशिवाय समुद्र दिसत नाही. तरीही दवाखान्यात येणाऱ्यांच्या पिशवीत हल्ली बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्यांबरोबर मासळीच्या तेलाची बाटली हमखास निघते. कुणाला ती इचलकरंजीतल्या ओळखीच्या माणसाने दिलेली असते, कुणाच्या मुलाने पुण्याहून ऑनलाइन पाठवलेली असते. बाटलीवर पुढे मोठ्या अक्षरांत 1000 मिलिग्रॅम लिहिलेले असते. मागे बारीक अक्षरांत ईपीए 180 आणि डीएचए 120 असे आकडे असतात. या दोन्हींची बेरीज 300 होते. मग उरलेले 700 मिलिग्रॅम काय आहे, असा प्रश्न चौकस रुग्ण विचारतात, आणि तो अगदी रास्त आहे.

त्याचे उत्तर पुढे देणार आहे. पण आधी एका माणसाची ओळख करून घ्या. या कॅप्सूलमागची कल्पना ज्यांनी लोकांची थट्टा सहन करत वर्षानुवर्षे लावून धरली आणि शेवटी स्वतःच्या शरीरावर तपासून पाहिली, त्यांचे नाव डॉ. ह्यू मॅकडोनाल्ड सिंक्लेअर. त्यांचे काय बरोबर होते आणि काय चुकले हे कळले, की हातातली बाटली कशी वाचायची हे तुम्हाला आपोआप समजेल.

ऑक्सफर्डचा तरुण डॉक्टर

सिंक्लेअर यांचा जन्म 4 फेब्रुवारी 1910 रोजी स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोजवळच्या एका सुखवस्तू घरात झाला. ऑक्सफर्ड विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र आणि पुढे लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते पुन्हा ऑक्सफर्डला आले. 1937 साली मॉडलिन कॉलेजचे फेलो झाले. सुरुवातीचे काम ब जीवनसत्त्वावर, म्हणजे थायमिनवर होते.

तेव्हा आहारशास्त्रात जीवनसत्त्वांचा बोलबाला होता. चरबी म्हणजे नुसते इंधन, अशी बहुतेकांची समजूत होती. अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या पतीपत्नींनी 1929 आणि 1930 साली दाखवून दिले होते, की आहारातून चरबी पूर्ण काढली तर उंदरांची वाढ खुंटते आणि त्यांची कातडी व शेपटी खवल्यांसारखी होते. काही मेदाम्ले, म्हणजेच फॅटी ॲसिड, शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ती खावीच लागतात. म्हणून त्यांना आवश्यक मेदाम्ले म्हणतात. पण माणसाच्या आजारांशी या गोष्टीचा काही संबंध असेल, असे फारसे कुणाला वाटत नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात सिंक्लेअर यांच्यावर ऑक्सफर्ड न्यूट्रिशन सर्व्हे या मोठ्या पाहणीची जबाबदारी आली. रेशनवर जगणाऱ्या ब्रिटिश लोकांना पुरेसे पोषण मिळते का, हे गावोगाव जाऊन, रक्त तपासून पाहायचे होते. युद्ध संपत आले तेव्हा त्यांच्या तुकड्या नेदरलँड्समध्ये आणि नंतर जर्मनीत उपाशी लोकांची तपासणी करत होत्या. डच सरकारने आणि अमेरिकेने त्यांचा गौरव केला. मात्र एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण ती त्यांना आयुष्यभर भोवली. एवढी मोठी माहिती गोळा करूनही त्यांनी तिचा बराचसा भाग कधी नीट प्रसिद्ध केला नाही. माहिती जमवायची, डोक्यात मोठा सिद्धांत मांडायचा आणि लिहिण्याचे काम उद्यावर टाकायचे, हा त्यांचा स्वभाव होता.

त्यांच्या आयुष्याला वळण देणारा प्रवास युद्धाच्या धामधुमीतच, 1944 साली झाला. कॅनडाच्या उत्तर भागात त्यांनी इन्युइट लोक पाहिले. त्या काळात त्यांना एस्किमो म्हणत. हे लोक भाजीपाला जवळजवळ खात नव्हते. मासे, सील आणि त्यांची चरबी हेच त्यांचे जेवण. सील म्हणजे थंड समुद्रात राहणारा, मासे खाऊन जगणारा सस्तन प्राणी. इतकी चरबी खाऊनही या माणसांत हृदयविकार फारसा दिसत नाही, असे सिंक्लेअर यांच्या मनात पक्के बसले.

उंदीर, मराठी जेवण आणि एक पत्र

आता थोडे आपल्याकडे येऊ. ब्रिटिश काळात निलगिरीतल्या कुन्नूर इथे सर रॉबर्ट मॅकॅरिसन यांची आहार संशोधनाची प्रयोगशाळा होती. त्यांनी उंदरांचे सात गट करून प्रत्येकाला भारतातल्या एकेका समाजाचे जेवण दिले. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी असे ते गट होते. शीख जेवणावरचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट झाले, त्याखालोखाल पठाणी जेवणावरचे, आणि मराठी जेवण तिसरे आले. शीख जेवणातले दूध-दही, गहू, डाळी आणि भाज्या यांचे ते श्रेय होते. या मॅकॅरिसन यांचे निवृत्तीनंतरचे वास्तव्य ऑक्सफर्डला होते आणि सिंक्लेअर त्यांना फार मानत. त्यांचे लेखन संपादित करून सिंक्लेअर यांनी 1953 साली पुस्तकरूपाने आणले. समाजाच्या ताटात काय आहे हे पाहिले तर त्या समाजाच्या आजारांचा उलगडा होतो, हा धडा सिंक्लेअर यांनी तिथून घेतला असे मला वाटते.

1956 साली त्यांनी लॅन्सेट या नामवंत वैद्यकीय साप्ताहिकात एक लांबलचक पत्र लिहिले. पाश्चात्त्य देशांत हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा आजार वाढतो आहे, त्याचे कारण आहारातल्या आवश्यक मेदाम्लांची कमतरता, असा त्यांचा दावा होता. पिठावर केलेल्या रासायनिक प्रक्रियेला आणि तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करण्याच्या पद्धतीला त्यांनी दोष दिला. तेल घट्ट करण्याची ही पद्धत आपल्याला परकी नाही. आपल्या लग्नाच्या पंगतीतले वनस्पती तूप याच पद्धतीने बनत आले. त्यातल्या ट्रान्स फॅटवर भारतात 1 जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे या एका मुद्द्यावर सिंक्लेअर यांची शंका योग्य दिशेने होती.

पण त्यांनी तेवढ्यावर थांबायला हवे होते. हृदयविकारापाठोपाठ इतर अनेक आजार, अगदी फुप्फुसाचा कर्करोगसुद्धा, त्यांनी त्याच कारणाला जोडून टाकले. पुरावा थोडा आणि दावा मोठा झाला. सहकाऱ्यांनी टिंगल केली. 1958 साली विद्यापीठातले त्यांचे मानवी पोषणाचे पद गेले. पुढची अनेक वर्षे सटन कोर्टनी या गावातल्या आपल्या घरीच त्यांनी संशोधन संस्था उभी करण्याचा प्रयत्न केला. पैसा कमी होता आणि मुख्य प्रवाहातले लोक लांब राहिले.

ग्रीनलंडहून आलेला पुरावा

1970 साली हान्स ओलाफ बँग आणि यर्न डायरबर्ग हे दोन डॅनिश डॉक्टर ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर कुत्र्यांच्या घसरगाडीतून फिरले आणि 130 इन्युइट लोकांचे रक्त घेऊन परतले. ते तपासल्यावर डेन्मार्कमधल्या लोकांच्या रक्तात जवळजवळ न दिसणारे एक मेदाम्ल त्यांना भरपूर सापडले. तेच आजच्या बाटलीवरचे ईपीए. सिंक्लेअर ज्या लोकांबद्दल पंचवीस वर्षे बोलत होते, त्यांच्या रक्तातच हा दुवा मिळाला. 1976 साली ते स्वतः या दोघांबरोबर ग्रीनलंडला गेले. तेव्हा त्यांचे वय 66 होते.

ईपीए नेमके काय करते? तुमच्या रक्तात प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी असतात. जखम झाली की त्या एकमेकींना चिकटतात आणि रक्त थांबते. चिकटण्याचा इशारा देणारे रसायन शरीर ॲराकिडॉनिक ॲसिड या ओमेगा-6 गटातल्या मेदाम्लापासून बनवते. पेशींच्या आवरणात त्याची जागा ईपीएने घेतली, की बनणारा इशारा फार दुबळा असतो. मग प्लेटलेट सहज चिकटत नाहीत. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याची शक्यता त्यामुळे घटू शकते. मात्र जखमेतले रक्तही लवकर थांबत नाही.

ते शंभर दिवस

1979 साली, वयाच्या 69 व्या वर्षी, सिंक्लेअर यांनी ठरवले की हे स्वतःवरच करून पाहायचे. शंभर दिवस फक्त सील, मासे, शिंपल्या-खेकड्यांसारखे समुद्री जीव आणि पाणी. भाकरी, भाजी, फळ, दूध, वनस्पती तेल यांतले काही नाही. त्यांना उत्तम वाइनचा शौक होता, तिलाही रजा दिली.

या काळात ते स्वतःचा ब्लीडिंग टाइम मोजून घेत होते. ही तपासणी तुम्हाला माहीत आहे. छोट्या ऑपरेशनआधी आपल्याकडच्या लॅबमध्ये बीटी-सीटी करतात, त्यातली बीटी हीच. कातडीला बारीक छेद द्यायचा, टिपकागदाने रक्त टिपत राहायचे आणि ते किती मिनिटांत थांबते ते पाहायचे. साधारणपणे काही मिनिटे लागतात. सिंक्लेअर यांचे रक्त सुरुवातीला तीन-चार मिनिटांत थांबत होते. प्रयोगाच्या शेवटाकडे हा वेळ पन्नास मिनिटांच्या वर गेला. वजन उतरले, प्लेटलेटची संख्याही घटली. एका माणसावरचा प्रयोग म्हणून त्याचे मोल मर्यादित आहे, पण फरक इतका मोठा होता की थट्टा करणाऱ्यांनाही तो नाकारता आला नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग माझ्या एका कॅप्सूलनेही रक्त पातळ होत असेल. इथेच बहुतेकांची गल्लत होते. सिंक्लेअर रोज कित्येक ग्रॅम ओमेगा-3 घेत होते आणि त्याच वेळी ओमेगा-6 देणारे वनस्पती तेल त्यांनी पूर्ण बंद केले होते. तुम्ही घेता ते 300 मिलिग्रॅम, आणि तेही सूर्यफूल किंवा सोयाबीन तेलाच्या फोडणीवर. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

उरलेल्या 700 मिलिग्रॅममध्ये काय असते?

आता मूळ प्रश्न. साध्या मासळीच्या तेलात ईपीए आणि डीएचए सोडले तर उरते ते बहुतांशी नेहमीचे तेल. पामतेलात आणि लोण्यात असते ते पामिटिक ॲसिड असते. शेंगदाण्याच्या तेलात भरपूर असते ते ओलेइक असते. शिवाय मिरिस्टिक आणि पामिटोलेइक. यांत घाबरण्यासारखे काही नाही. 1000 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये पामिटिक साधारण पावणेदोनशे मिलिग्रॅम निघेल, एखाद्या बटाटेवड्यातून त्याहून जास्त पोटात जाते.

त्याशिवाय दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असणारी काही किरकोळ मेदाम्ले असतात. किरकोळ हा शब्द त्यांच्या प्रमाणापुरता आहे. स्टीअरिडॉनिक ॲसिड हे त्यांतले एक. जवसातले ओमेगा-3 शरीरात गेल्यावर ईपीए बनण्याच्या वाटेवर त्याचे आधी हे रूप होते. ईपीए आणि डीएचए यांच्या मधली पायरी म्हणजे डीपीए. गरज पडली तर शरीर डीपीएचे पुन्हा ईपीए करू शकते, म्हणजे तो एक राखीव साठाच आहे. जपानी रसायनशास्त्रज्ञ मित्सुमारू त्सुजिमोतो यांनी 1906 साली सार्डिनच्या, आपल्या तारली माशाच्या जातकुळीतल्या माशाच्या, तेलातून क्लुपॅनोडॉनिक ॲसिड शोधले. डीपीएला आजही त्याच नावाने ओळखतात.

सीलच्या चरबीत डीपीएचे प्रमाण साध्या मासळीच्या तेलाच्या साधारण दुप्पट असते. म्हणजे सिंक्लेअर यांच्या शंभर दिवसांत ईपीएच्या जोडीला डीपीएही बऱ्यापैकी जात होते. त्या पन्नास मिनिटांत त्याचा वाटा किती, हे त्या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही. माणसांवरचे डीपीएचे अभ्यास आजही थोडे आणि छोटे आहेत. त्यामुळे डीपीए जास्त आहे म्हणून कुणी महागडी बाटली विकत असेल, तर तेवढ्यासाठी जादा पैसे मोजू नका. थोडेसे डीपीए बकऱ्याच्या मटणातही असते. पण म्हणून पांढऱ्या रश्श्याला औषध ठरवू नका, त्याबरोबर येणाऱ्या चरबीचा हिशेब वेगळा आहे.

एक हिशेब मात्र ध्यानात ठेवा. ट्रायग्लिसराइड 500 च्या वर गेलेल्या रुग्णाला आम्ही कधी कधी रोज सुमारे 4 ग्रॅम ओमेगा-3 देतो. साध्या कॅप्सूलमधून तेवढे मिळवायचे तर रोज तेरा लागतील आणि त्यांच्याबरोबर नऊ ग्रॅम इतर तेल पोटात जाईल. म्हणून त्यासाठी शुद्ध केलेले, डॉक्टरांनी लिहून दिलेले औषधच घ्यावे लागते.

सिंक्लेअर कुठे चुकले

सिंक्लेअर 1990 साली वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे मागे राहिलेल्या पैशांतून 1995 साली इंग्लंडच्या रीडिंग विद्यापीठात त्यांच्या नावाचा मानवी पोषण विभाग सुरू झाला. जिवंतपणी त्यांना जे उभे करता आले नाही ते असे उभे राहिले.

पण त्यांच्या पश्चात पायाचे काही दगड हलले. 2014 साली कॅनडातल्या संशोधकांनी जुने कागद पुन्हा तपासले. बँग आणि डायरबर्ग यांनी इन्युइट लोकांतला हृदयविकार स्वतः मोजलाच नव्हता. त्यांनी सरकारी नोंदींवर भिस्त ठेवली होती, आणि दुर्गम वस्त्यांतल्या मृत्यूंच्या नोंदी अपुऱ्या होत्या. प्रत्यक्षात तिथे हृदयविकार इतरांइतकाच असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. 2015 साली असेही दिसले, की हजारो वर्षे चरबी खाल्ल्यामुळे ग्रीनलंडच्या लोकांच्या मेदाम्ले बनवणाऱ्या जनुकांतच बदल झाले आहेत. एका समाजाचा आहार उचलून दुसऱ्याच्या ताटात ठेवला तर तोच परिणाम मिळेल, असे नाही.

याची दुसरी बाजू आपल्या महाराष्ट्रात सापडली. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुण्यातले 234 प्रामुख्याने शाकाहारी लोक आणि 311 अमेरिकी लोक यांची तुलना होती. वनस्पतींतल्या मेदाम्लांपासून लांब साखळीची मेदाम्ले जोमाने बनवणारा जनुकाचा प्रकार आईवडील दोघांकडूनही आलेले लोक पुण्याच्या गटात 68 टक्के होते, अमेरिकेत 18 टक्के. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी राहिलेल्या शरीराने काढलेला हा मार्ग. पण तीच यंत्रणा ओमेगा-6 वरही काम करते. घरात फक्त सूर्यफूल किंवा करडईचे तेल असेल तर ॲराकिडॉनिक ॲसिडही जोमाने बनते. शेंगतेलात ओमेगा-3 जवळजवळ नसते, सोयाबीन तेलात सुमारे 7 टक्के असते, आणि जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक. भाकरीबरोबर रोज एक मोठा चमचा जवसाची चटणी खाल्ली तर दीड ग्रॅमच्या आसपास वनस्पतिज ओमेगा-3 मिळते. त्यातला थोडाच भाग ईपीए होतो आणि डीएचए तर फारच कमी, तरी ती चटणी सोडू नका.

कॅप्सूलबद्दलचे मोठे अभ्यास काय सांगतात? 1999 साली इटलीत, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या 11,000 हून अधिक रुग्णांत रोज 1 ग्रॅमचा फायदा दिसला. 2018 साली अमेरिकेत जवळजवळ 26,000 निरोगी लोकांत हृदयविकाराच्या मोठ्या घटना एकूण कमी झाल्या नाहीत. त्याच वर्षी शुद्ध ईपीए रोज 4 ग्रॅम दिलेल्या, ट्रायग्लिसराइड वाढलेल्या रुग्णांत अशा घटना 25 टक्क्यांनी घटल्या. पण 2020 साली ईपीए आणि डीएचए मिळून 4 ग्रॅम देऊन काही फरक पडला नाही. जास्त मात्रेत हृदयाची धडधड अनियमित होण्याचा धोका थोडा वाढतो, हेही पुन्हा पुन्हा दिसले आहे.

म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगतो. अँजिओप्लास्टी झाली असेल तर कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ करणारी गोळी बंद करून तिच्या जागी मासळीचे तेल घेऊ नका. तेल नैसर्गिक आहे म्हणून गोळी सोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्या सवडीत स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. वॉरफरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल, छातीत अधूनमधून धडधडत असेल किंवा ऑपरेशन ठरले असेल, तर बाटली डॉक्टरांना दाखवा. नेहमीच्या मात्रेने ऑपरेशनमधला रक्तस्राव वाढल्याचे मोठ्या अभ्यासांत दिसलेले नाही, पण तुमच्या इतर गोळ्या काय आहेत हे पाहूनच ते ठरवता येते. तेलाला खवट, कुबट वास येत असेल तर ते टाकून द्या.

आणखी एक. कुंभोज-बाहुबली परिसरातल्या अनेक जैन कुटुंबांना ही कॅप्सूल नुसते तेल आहे असे सांगून दिली जाते. तेल माशाचे असते आणि बाहेरचे आवरणही बहुधा प्राण्यांपासून केलेल्या जिलेटिनचे. पाकिटावर तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण दिसतो का ते पाहा, ती मांसाहाराची खूण आहे. डॉक्टरांनी खरोखरच डीएचए घ्यायला सांगितले असेल, तर सूक्ष्म शैवालापासून काढलेले तेल मिळते. माशांच्या अंगातले डीएचएही मुळात तिथूनच आलेले असते. ते घेतानाही आवरण शाकाहारी आहे ना, हे पाकिटावर वाचून घ्या.